बाण फर्नेसकडे

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत फराळाचा आणि फर्नेसचा मोसम एकाच सुमाराला सुरू होतो. ऑक्टोबर संपता संपता एका रात्री पारा खाली येतो, कुणीतरी थर्मोस्टॅट ‘कूल’वरून ‘हीट’वर ढकलतं, तळघरात धप्प असा आवाज होतो आणि पाच-दहा मिनिटांत घरभर जळकट वास पसरतो. पहिलाच हिवाळा असलेली मंडळी आधी स्वयंपाकघरात धावतात. गॅसवर काही राहिलं का? राहिलेलं नसतं. उन्हाळाभर फर्नेसच्या पोटातल्या पत्र्यावर बसलेली धूळ पहिल्या आचेवर जळत असते. थोड्या वेळात वास आपोआप जातो. जात नसेल किंवा वायर जळल्यासारखा येत असेल, तर मात्र फर्नेस बंद करून एचव्हॅकवाल्याला फोन लावावा. (घरातली तापवण्या-थंड करण्याची यंत्रणा बघणाऱ्याला तिकडे सगळे एचव्हॅकवालाच म्हणतात.) आणि तो आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “फिल्टर कधी बदलला होता?”

या प्रश्नावर नवरा बायकोकडे बघतो, बायको नवऱ्याकडे. घर घेताना शाळा बघितलेली असते, देशी किराण्याचं दुकान किती मैलांवर आहे ते बघितलेलं असतं, तळघर ‘फिनिश्ड’ आहे की नाही यावर दोन रविवार वाद झालेला असतो. त्याच तळघराच्या कोपऱ्यात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी उभ्या असलेल्या पत्र्याच्या कपाटात एक फट आहे आणि त्या फटीत पुठ्ठ्याच्या चौकटीतला घडीघडीचा कागदासारखा पडदा आहे, हे चाव्या हातात देताना कुणी सांगत नाही.

अमेरिकेतली जवळपास निम्मी घरं मुख्यतः नैसर्गिक वायूवर तापतात आणि त्यातल्या बहुतेक घरांत उष्णता हवेवाटे फिरते. रचना सोपी आहे. घरातली गार हवा भिंतीतल्या मोठ्या जाळ्यांतून ‘रिटर्न’ डक्टने खाली येते. ब्लोअर ती ओढतो आणि हीट एक्स्चेंजरवरून ढकलतो. या एक्स्चेंजरच्या आत ज्योतींचा गरम वायू आणि बाहेर घरातली हवा. मध्ये फक्त पत्रा. तापलेली हवा ‘सप्लाय’ डक्टांतून खोल्याखोल्यांत जाते आणि फिरून रिटर्नला येते. फिल्टर बसतो तो रिटर्नच्या बाजूला, ब्लोअरच्या आधी. म्हणून त्याच्या पुठ्ठ्यावर छापलेला बाण नेहमी फर्नेसकडे हवा, डक्टकडे नव्हे. बाणाच्या बाजूला पडद्याला आधार देणारी तारेची जाळी किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात. उलटा बसवला तर हवेच्या जोराने पडदा आपल्याच घड्यांत फुगतो आणि जुना झाला की चौकटीतून सुटूही शकतो. ज्यांच्या फर्नेसच्या पत्र्यावर मार्कर पेनने मोठा बाण काढून ठेवलेला असतो, त्यांच्या आधीच्या घरमालकाला मनातल्या मनात धन्यवाद द्यावेत.

ब्लोअरच्या *आधी* हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सगळी गोष्ट त्यातच आहे. हा फिल्टर मुळात माणसाच्या फुप्फुसांसाठी आलाच नाही. तो आला यंत्रासाठी.

जुन्या भट्ट्यांना फिल्टर नव्हता. १८९५ साली आयोवातल्या मार्शलटाउनमध्ये डेव्ह लेनॉक्स यांनी पोलादी पत्र्याला रिव्हेट ठोकून बनवलेल्या कोळशाच्या भट्ट्यांचा धंदा सुरू केला. तोवरच्या बिडाच्या भट्ट्या सांध्यांतून धूर सोडायच्या. त्या काळात हवा आपल्या आपण वर चढायची, पंखा नव्हता, म्हणून डक्ट धिप्पाड असत आणि तळघरातल्या त्या अवतारामुळे भट्टीला ‘ऑक्टोपस’ हे टोपणनाव पडलं. पुढे २३ डिसेंबर १९१९ रोजी मॉरिस्टाउनच्या ॲलिस पार्कर या बाईंना गॅसवर चालणाऱ्या, वेगवेगळ्या खोल्यांना वेगवेगळ्या नळांनी गरम हवा पुरवणाऱ्या रचनेचं पेटंट मिळालं. मॉरिस्टाउन न्यू जर्सीतच आहे. एडिसन-इझलिनचे आपले लोक गाडीने तासाच्या आत पोचतील. विजेचा ब्लोअर आला तेव्हा डक्ट बारीक झाले, हवा जोराने फिरू लागली आणि त्या हवेबरोबर लोकरीचे तंतू, केस, काजळी हे सगळं पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसू लागलं. पाती धुळीने भरली की पंखा फिरतो पण हवा ढकलत नाही. वर एअरकंडिशनरची कॉइल असेल तर तिच्या बारीक पत्र्यांत हाच गाळ ओला होऊन थिजतो, आणि ती काढून साफ करायची तर मोठं बिल येतं. हे टाळायला काचतंतूंचा विरळ निळसर पडदा ब्लोअरपुढे लावला गेला. आजही दुकानात सगळ्यांत स्वस्त मिळतो तो हाच. त्यातून पलीकडचं दिसतं आणि बारीक धूळही तितक्याच सहज पलीकडे जाते. पण यंत्राला एवढं पुरतं.

माणसाला पुरत नाही. दमा, परागकणांची ॲलर्जी, मांजराचे केस, आणि नंतर कोविड, असं करत करत आपण या यंत्राच्या बनियनकडून मास्कचं काम मागू लागलो. मग बाजारात आकडे आले. १९९९ साली ‘ॲशरे’ या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने फिल्टर मोजण्याचं प्रमाण ठरवलं, त्यातून ‘मर्व’ हा आकडा निघाला. मर्व १ ते १६. मर्व ४पर्यंतचे म्हणजे तो विरळ पडदा. मर्व ८चा फिल्टर ३ ते १० मायक्रॉनचे किमान ७० टक्के कण धरतो : बरेचसे बुरशीचे बीजाणू, कपड्यांचे धागे, धुळीतले जाडे कण. मर्व १३ हा ०.३ ते १ मायक्रॉनमधलेसुद्धा किमान निम्मे कण धरतो, आणि धूर, तेलाची वाफ, खोकल्यातले बारीक थेंब या गोष्टी त्या मापाच्या आसपास सुरू होतात. गिऱ्हाइकाच्या दुर्दैवाने सगळे उत्पादक मर्वच छापत नाहीत. एका मोठ्या कंपनीची स्वतःची ‘एमपीआर’ मोजणी आहे, एका दुकानसाखळीची ‘एफपीआर’. त्यामुळे एकाच भिंतीवर १०, १३ आणि १५०० असे आकडे शेजारी लटकलेले दिसतात, आणि १५०० घेऊन जाणारा माणूस विजयी मुद्रेने बाहेर पडतो.

फिल्टर गाळणीसारखा चालतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भोकापेक्षा मोठा कण अडकला, लहान गेला. मोठ्या कणांबाबत हे थोडंफार खरं. बारीक कणांबाबत नाही. कण जड असेल तर हवा तंतूला वळसा घालते तेव्हा त्याला वळता येत नाही, तो सरळ जाऊन आपटतो. कण फार हलका असेल तर हवेच्या रेणूंचे धक्के खात तो इकडेतिकडे भरकटतो आणि भरकटता भरकटता तंतूला चिकटतो. सगळ्यांत अवघड कण मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा : आपटण्याइतका जड नाही, भरकटण्याइतका हलका नाही. हेपा फिल्टरची ९९.९७ टक्क्यांची अट नेमकी याच मापावर आहे ती त्यामुळेच. घरगुती घडीच्या फिल्टरांत याला आणखी एक युक्ती जोडतात : कृत्रिम तंतूंना कायमचा विद्युतभार देऊन ठेवतात, म्हणजे कण जवळून जाताना ओढला जातो. पडदा दाट न करता पकड वाढते. खोट एवढीच की वापरात, विशेषतः तेलकट धुरात, हा भार क्षीण होतो. उलट नुसत्या दाट विणीचा फिल्टर जसजसा भरत जातो तसतसा चांगलं धरू लागतो, कारण अडकलेली धूळच पुढच्या धुळीला धरते. पण मग हवा अडते. म्हणून दर आठवड्याला फिल्टर बदलणाऱ्या टापटिपीच्या माणसाला फायदा काहीच नाही, आणि दोन वर्षं न बदलणाऱ्याचा तोटा मोठा.

हवा अडण्याचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. मध्यम घराच्या यंत्रणेत ब्लोअर मिनिटाला सुमारे १,२०० घनफूट हवा हलवतो. २,००० चौरस फुटांचं, आठ फूट उंच छताचं घर घेतलं तर सगळ्या घराची हवा तेरा-चौदा मिनिटांत एकदा त्या फटीतून जाते. फट सोळा बाय पंचवीस इंचांची, म्हणजे पावणेतीन चौरस फूट. भागाकार केला की वेग येतो मिनिटाला ४३० फूट. उत्पादक आपल्या एक इंची फिल्टरचा अडथळा अनेकदा मिनिटाला ३०० फूट वेगावर मोजून सांगतात. घरात तो त्याहून किती तरी जास्त भरतो. आणि ब्लोअरला मिळून किती ओझं झेपतं? बहुतेक घरगुती फर्नेससाठी फिल्टर, कॉइल आणि सगळे डक्ट धरून पाण्याच्या अर्ध्या इंच उंचीएवढा दाब. हे फार नाही. एक इंच जाडीचा दाट मर्व १३ तिथे ठोकला आणि सहा महिने विसरला की अर्ध्याहून जास्त ओझं एकट्या त्याचंच होतं.

पुढे काय होतं ते फर्नेसच्या वयावर आहे. जुन्या पद्धतीच्या मोटरवर हवा सरळ कमी होते. हवा कमी, आच तेवढीच, म्हणून एक्स्चेंजर ठरल्यापेक्षा जास्त तापतो आणि ‘लिमिट स्विच’ ज्योती विझवतो. पंखा चालू राहतो, थोड्या वेळाने ज्योती पुन्हा पेटतात, पुन्हा विझतात. घरातल्यांना एवढंच कळतं की फर्नेस चालूबंद होते आणि वरची खोली गारच राहते. पत्रा असा वर्षानुवर्षं तापत-निवत राहिला तर त्याला तडा जाऊ शकतो, आणि तड्यातून येऊ शकणारा कार्बन मोनॉक्साइड कुठलाही मर्व अडवत नाही. तो वायू आहे. त्यासाठी गजर वेगळा, प्रत्येक मजल्यावर. नवीन मोटर हुशार असते. अडथळा वाढला की ती जास्त वीज खाऊन हवा पुरवत राहते. तक्रार दिसत नाही, विजेच्या बिलात जाते. उन्हाळ्यात याच चोंदलेल्या फिल्टरमुळे एसीची कॉइल बर्फाने माखते आणि ऐन जुलैत तळघरात पाणी साठतं. चोंदलेला फिल्टर बदलला की एसीची वीज ५ ते १५ टक्के वाचू शकते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं.

कॅलिफोर्नियाने हे गणित कायद्यातच उतरवलं, आणि मला ते फार आवडलं. २०२० पासून तिथल्या नव्या घरांत मर्व १३ सक्तीचा आहे. पण त्याच नियमात जागेचीही अट आहे : फिल्टर निदान दोन इंच जाड हवा, एकच इंच ठेवायचा तर त्याचा पसारा इतका मोठा ठेवा की हवेचा वेग मिनिटाला १५० फुटांवर जाणार नाही. नुसतं ‘जास्त आकड्याचा लावा’ म्हणून सोडलं नाही. ज्यांच्या घरात चार किंवा पाच इंच जाडीची पेटी आहे, त्यांनी मर्व १३ खुशाल लावावा. घड्या खोल असल्यामुळे उलगडलं तर तेवढ्याच चौकटीत कितीतरी जास्त पडदा निघतो. सहा महिने ते वर्षभर जातो. ज्यांची फट एकाच इंचाची आहे त्यांनी, माझ्या मते, मर्व ८ किंवा फार तर ११ घ्यावा, वेळेवर बदलावा, आणि दम्याचा माणूस असेल त्या खोलीत वेगळा हेपा ठेवावा.

आता प्रत्यक्ष बदलणं. यात अवघड काही नाही, पण चुका ठरलेल्या आहेत. आधी थर्मोस्टॅट बंद; पंखा चालू असताना जुना ओढला तर त्याच्यावरची धूळ थेट ब्लोअरमध्ये. जुन्याच्या कडेवरचं माप वाचायचं, पण आंधळेपणाने नाही, कारण आधीच्या माणसानेच चुकीचा घुसवलेला असू शकतो. पुठ्ठ्यावर ‘१६ बाय २५ बाय १’ असं छापलेलं माप नावापुरतं असतं. खरं माप त्यापेक्षा पाव ते अर्धा इंच कमी, ते खाली बारीक अक्षरांत असतं. लाकडाच्या दुकानात दोन बाय चारची फळी मोजून बघितलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. लहान फिल्टर कोंबला तर हवा कडेच्या फटीतून जाते. हवा नेहमी सोपी वाट धरते, आणि मर्व १३ तिथे शोभेला उरतो. फटीचं झाकण हरवलेलं असेल तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि तळघरातली सगळी धूळ फिल्टर वगळून आत ओढली जाते. नव्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन काढायचं. हसू नका, एचव्हॅकवाल्यांना विचारलंत तर वेष्टनासकट बसवलेले फिल्टर हा त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतला नेहमीचा विषय आहे. बाण फर्नेसकडे. कडेवर पेनाने तारीख. झाकण बंद, थर्मोस्टॅट चालू.

भारतातून आलेल्या आईवडिलांच्या मुक्कामात यात एक अंक वाढतो. स्प्लिट एसीची प्लॅस्टिकची जाळी नळाखाली धुऊन परत लावायची सवय असलेल्या पिढीला हा वापरून फेकायचा प्रकार बघवत नाही.

“अरे, चांगला धडधाकट आहे की. दे, धुऊन गॅलरीत वाळत घालते.”

“आई, पुठ्ठा आहे तो. विरघळेल.”

“मग झटकून तरी घे. पैसे झाडाला लागतात का तुमच्याकडे?”

झटकून किंवा व्हॅक्यूम मारून वरची लोकर निघते, आत अडकलेले कण निघत नाहीत आणि पडद्याचे तंतू मात्र फाटतात. धुण्याचे फिल्टर वेगळे मिळतात. ते पूर्ण कोरडे करून लावावे लागतात, नाहीतर फर्नेसच्या तोंडाशी बुरशीची शेती. बारीक कण धरण्यात ते बहुतेक वेळा मागेच असतात. तेव्हा आईंचं मत विनयाने ऐकावं आणि फिल्टर कचऱ्यात टाकावा.

किती दिवसांनी? अमेरिकेच्या सरकारी ‘एनर्जी स्टार’ योजनेचा सल्ला : जास्त वापराच्या काळात महिन्याला बघा, निदान तीन महिन्यांनी बदला. हा सल्ला सरासरी अमेरिकी घरासाठी आहे आणि आपलं घर सरासरी नसतं. तिथल्या पुष्कळ घरांत चुलीवरचं हूड हवा बाहेर फेकतच नाही. जाळीतून आणि कोळशाच्या पातळ थरातून फिरवून ती परत आपल्याच तोंडावर सोडतं. अशा हूडखाली मिरच्यांची फोडणी दिली की घरभर खोकला, आणि तेलाचे बारीक थेंब रिटर्नच्या जाळ्यांतून फिल्टरवर. रोजच्या स्वयंपाकाच्या घरातला फिल्टर राखाडी होण्याआधी पिवळट होतो, चिकटतो. त्यावर अगरबत्ती, धूप, सत्यनारायणाच्या दिवशी कापूर. त्या दिवशी स्मोक अलार्मवर प्लॅस्टिकची टोपी चढवणारे पुष्कळ आहेत, आणि पूजा झाल्यावर ती काढायला विसरणारेही. हा प्रकार मला फिल्टर विसरण्यापेक्षा जास्त भयंकर वाटतो. त्याऐवजी थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’वरून ‘ऑन’ करावा. मग आच किंवा गारवा नसतानाही हवा फिल्टरमधून फिरत राहते.

नव्याकोऱ्या टाउनहाउसमध्ये राहायला गेलेल्यांचं आणखी वेगळं. भिंतींच्या ड्रायवॉलला घासकाम करताना जिप्समची जी पिठी उडते ती डक्टांत साठून राहते आणि पहिले काही महिने निघत राहते. घर चकचकीत दिसतं, फिल्टर मात्र महिन्याभरात पांढराफटक. तळघर फिनिश करायला माणसं लावली असतील तरीही हेच. त्या दिवसांत स्वस्तातले फिल्टर लावून पटापट बदलणं शहाणपणाचं.

सगळ्याच घरांत फट फर्नेसपाशी नसते. फर्नेस माळ्यावर असलेल्या घरांत ती बहुधा छतातल्या किंवा भिंतीतल्या रिटर्न जाळीच्या मागे असते, आणि अशा जाळ्या दोन-तीन असू शकतात. कुणी जाळीतही लावतं आणि फर्नेसपाशीही; मग एकाच वाटेवर दोन पहारे आणि हवेची कोंडी. टोरांटो-मिसिसागाकडच्या नव्या घरांत हवा बदलणारं ‘एचआरव्ही’ नावाचं वेगळं यंत्र असतं. त्याचे स्वतःचे फिल्टर असतात आणि ते बहुतेकांच्या खिजगणतीत नसतात. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्याने मात्र फिल्टर शोधूच नये. तिथे वाफेचे रेडिएटर खडखडतात, हवा फिरतच नाही, बदलायला काही नाही.

७ जून २०२३ रोजी त्याच न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं. क्वेबेकच्या जंगलांतल्या वणव्यांचा धूर दक्षिणेला उतरला होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना हे नवीन नव्हतं, पूर्वेकडच्यांना होतं. बाहेरच्या हवेला भिऊन खिडक्या लावून घेतल्या की घरातली हवा साफ करण्याचं सगळ्यांत मोठं यंत्र म्हणजे फर्नेसचा पंखा आणि तो पुठ्ठा, हे त्या आठवड्यात अनेकांना पहिल्यांदा उमगलं. अशा दिवसांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा सल्ला मर्व १३चा, किंवा यंत्रणेला झेपेल तेवढ्या वरच्या आकड्याचा आहे. ज्यांच्या यंत्रणेला झेपत नाही त्यांच्यासाठी २०२० मध्ये एक देशी म्हणावा असा जुगाड निघालेलाच होता : रिचर्ड कॉर्सी या प्राध्यापकांची कल्पना आणि टेक्सासमधले फिल्टर-उत्पादक जिम रोझेन्थल यांची बांधणी. चार-पाच मर्व १३ फिल्टरांची पेटी, वर चौकोनी बॉक्स फॅन, चिकटपट्टीने बंद. पाच फिल्टर म्हणजे पाचपट क्षेत्र. हवा सावकाश जाते, अडथळा फारसा उरत नाही. एका इंचाच्या फटीला जे जमत नाही ते दिवाणखान्यात जमतं. दिसतं ओबडधोबड, पाहुणे आले की सोफ्यामागे सरकवायचं.

फर्नेस स्वतः आता हळूहळू मागे पडते आहे. २०२२ साली अमेरिकेत गॅस फर्नेसपेक्षा हीट पंप जास्त विकले गेले. फिल्टरच्या दृष्टीने यात सुटका नाही. हीट पंपची हवा फर्नेसच्या हवेइतकी गरम नसते, म्हणून ती जास्त वेळ फिरवावी लागते. तेवढाच फिल्टर लवकर भरतो, आणि हवा अडली की हीट पंप फर्नेसपेक्षा आधी कुरकुर करतो. जुनं यंत्र निघतं त्या दिवशी पत्रा कापावाच लागतो. चार इंची फिल्टरची पेटी हवी असेल तर एचव्हॅकवाल्याला ते त्या दिवशी सांगायचं, त्याच्याकडून फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब मॅनोमीटरने मोजून घ्यायचा आणि तो आकडा तिथेच पत्र्यावर तारखेसकट लिहून ठेवायला लावायचा.